सातबाऱ्याची वाट

श्रोतेहो, म्हसळ्याचा एखादा चाकरमानी मुंबईत बसून आजोबांच्या शेताचा सातबारा भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर शोधू लागतो. विभाग कोकण, इथवर ठीक. हातातल्या जुन्या कागदावर मात्र जिल्हा कुलाबा, आणि यादीत कुलाबा नाहीच! १९८१ साली त्याचे रायगड झाले, हे ठाऊक नसेल तर गडी तिथेच अडला. त्याहून जुन्या कागदावर जंजिरा संस्थान असायचे. ते १९४८ मध्ये विलीन झाले.

पुढे तालुका, गाव, मग शेताचा नंबर. ही शिडी संगणकवाल्यांची नव्हे बरे का! १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात (पुणे जिल्ह्यातल्या, आपल्या माणगावजवळच्या नव्हे) पाहणी आरंभली आणि शेताशेताला नंबर दिला. तीच रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. १९४७ च्या कायद्याने तुकडे जोडले गेले, तिथे सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आला. म्हणजे आणखी एक चकवा.

मला विचाराल तर यादीत ‘रायगड, पूर्वीचा कुलाबा’ एवढे लिहिले तरी पुष्कळांची अडचण जाईल. तोवर नंबर न जुळल्यास नावावरून शोधा. पण सातबाऱ्यावर नाव आजोबांचे की पणजोबांचे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा.