पूर्वजांचा शोध : चर्चच्या नोंदवह्या आणि सरकारी दप्तर

‘आमच्या घराण्यात स्नानसंस्कार प्रथम कोणी स्वीकारला?’ हा प्रश्न घेऊन अनेक कुटुंबे धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. आपल्या धर्मप्रांतातील पुष्कळ घराण्यांची ख्रिस्ती परंपरा तीन-चार पिढ्यांची आहे. त्यामुळे उत्तर सापडण्याची शक्यता बरीच असते. मात्र शोध क्रमाने घ्यावा लागतो.

घरापासून आरंभ

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांशी बोलावे. मूळ गाव, आजीचे माहेर, घरचे नाव आणि चर्चमधील नाव या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. एकच व्यक्ती गावात एका नावाने आणि नोंदवहीत संताच्या नावाने ओळखली जाते, हे ध्यानात न घेतल्याने अनेकांचा शोध थांबतो. जुनी प्रार्थनापुस्तके, विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले आणि कबरीवरील क्रूस पाहावेत. शोध स्वतःपासून सुरू करून एकेक पिढी मागे जावे.

चर्चच्या नोंदवह्या

विवाह आणि स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवण्याची शिस्त ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घालून दिली. आजच्या धर्मसंहितेतील कलम ५३५ नुसार प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असणे आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करणे बंधनकारक आहे.

स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारे धर्मगुरू, जन्माची तसेच संस्काराची तारीख व स्थळ असते. धर्ममातापित्यांची नावे अवश्य उतरवून घ्यावीत. ते बहुधा जवळचे नातेवाईक असतात. १९०८ सालापासून विवाहाची नोंदही याच पानावर करण्याचा नियम झाला. म्हणून समासातील एका ओळीवरून दुसऱ्या धर्मग्रामाचा पत्ता लागू शकतो.

जुन्या नोंदी बहुधा लॅटिन भाषेत आहेत. ‘फिलियस’ म्हणजे पुत्र, ‘फिलिया’ म्हणजे कन्या, ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘पात्रीनुस’ म्हणजे धर्मपिता, ‘ओबीत’ म्हणजे मृत्यू पावला. एवढे शब्द ठाऊक असले तरी बरेचसे पान उलगडते. मराठी गावे व नावे परदेशी धर्मगुरूंनी कानावर पडली तशी लिहिली आहेत. म्हणून नाव मोठ्याने वाचून पाहावे.

कोणत्या धर्मग्रामात शोधावे?

मराठवाड्यातील मिशनकार्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संघाने घोगरगाव (तालुका वैजापूर) येथून केला. त्या काळी एका केंद्रातील धर्मगुरू दूरदूरच्या गावांना भेटी देत. आज आपले गाव दुसऱ्या धर्मग्रामात असले तरी जुनी नोंद मूळ केंद्रात असू शकते. पूर्वी हा सर्व प्रदेश १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होता. १९५५ मध्ये अमरावती आणि १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. काही घराण्यांचा पहिला बाप्तिस्मा प्रॉटेस्टंट मिशनमध्ये झालेला असतो. त्यांनी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जुन्या मंडळ्यांकडे चौकशी करावी.

सरकारी दप्तर

१. जन्म-मृत्यू : १९६९ चा नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याआधीच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत, नगरपालिका व तहसील कार्यालयातील जुन्या वह्या पाहाव्यात.

२. शाळा : प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये वडिलांचे नाव व जन्मतारीख मिळते.

३. जमीन : सातबारा, फेरफार आणि मराठवाड्यात विशेष महत्त्वाचे असलेले १९५४-५५ चे खासरा पत्रक. निजामकाळातील कागद उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवल्यास इसवी सन साधारणपणे मिळतो.

४. विवाह : १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाहांची तिमाही यादी चर्चकडून महानिबंधकांकडे जाते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पूर्वजांचा विवाह त्याच काळात नाशिक, मुंबई अशा ब्रिटिश मुलखात झाला असल्यास हाही मार्ग पाहावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज भूमिहीन होते. सातबारा ज्याच्या नावे जमीन त्याचाच. शाळेची पायरी त्यांना चढता आली नाही. अशा पणजीचे नाव सन्मानाने लिहिलेला एकमेव कागद स्नानसंस्काराची नोंदवही हाच असू शकतो.

आयर्लंडचा धडा

नोंदवह्यांची किंमत आयरिश लोकांना चांगलीच ठाऊक आहे. १९२२ साली यादवीच्या लढाईत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक जनगणना आणि तेथे ठेवलेल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या असंख्य नोंदवह्या नष्ट झाल्या. कॅथलिक नोंदवह्या मात्र धर्मग्रामांतच होत्या, म्हणून वाचल्या. पुढे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घेतली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. सन १८६४ पूर्वी जन्मलेल्या कॅथलिकांसाठी आजही याच वह्या मुख्य आधार आहेत, कारण त्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी त्या वर्षी सुरू झाली. आपल्याकडे मात्र ओल, वाळवी आणि निष्काळजीपणा यांना आगीची गरज भासत नाही.

विनंती करताना

प्रमुख धर्मगुरूंना लेखी अर्ज द्यावा. त्यात नाव, गाव, अंदाजे साल व आपले नाते नमूद करावे. वही स्वतः चाळण्याचा आग्रह धरू नये. तीत इतर कुटुंबांच्या खासगी बाबी असतात. नोंदीतील नाव वा तारीख सोयीसाठी बदलून मागू नये. खरी चूक असल्यास पुराव्यासह धर्मप्रांत कार्यालयाकडे अर्ज करावा. धर्मगुरूबंधूंनाही नम्र विनंती, की जीर्ण वह्यांची छायाचित्रे घेऊन एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात ठेवावी.

संत मत्तयने शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने केला आणि तीत तामार, राहाब, रूथ या स्त्रियांनाही स्थान दिले. ज्यांची नावे जगाने लिहिली नाहीत, त्यांची नावे चर्चने लिहिली आहेत. ती पुसली जाऊ न देणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.