लूट आणि परतफेड

पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुक या भोर तालुक्यातील गावी भाचीचा चौथा वाढदिवस होता. येणाऱ्या पंचवीस मुलांना निघताना काय द्यायचे, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. रंगखडू, पाण्याची बाटली, झाकणावर कार्टून असलेला डबा, कंपासपेटी (चार वर्षांची मुले कंपासपेटीचे काय करणार, हा प्रश्न त्या दुकानात कुणालाच पडलेला दिसला नाही) असे सारे माझ्यापुढे मांडल्यावर दुकानदाराने विचारले, "नगामागे बजेट किती?" घरी आई म्हणाली, "पोरांच्या हातावर खाऊ ठेवा की. डबं कशापायी?" एकाच रीतीविषयीच्या या दोन वाक्यांमागे दोन वेगळे इतिहास उभे आहेत, असे तेव्हापासून वाटत आले आहे.

मुळात सामान्य माणसाचा वाढदिवस ही आपल्या खेड्यांत अलीकडची गोष्ट. त्यासाठी आधी जन्मतारीख लागते. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख 1 जून आहे, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली म्हणून. जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि मुलाचे वय तर भरायला हवे! ज्यांना तिथी ठाऊक असे त्यांच्यासाठी शास्त्राने वर्धापनविधी सांगितला होता. काशीनाथ उपाध्यायांच्या 'धर्मसिंधु'त (1790) तो आहे: मार्कंडेयाचे व चिरंजीवांचे पूजन करायचे आणि तीळ-गूळ घातलेले दूध प्यायचे. सोहळा घरातला. त्यात शेजारची मुले नाहीत, मग त्यांना काही देण्याचा प्रश्नच नाही.

गावाने मिळून साजरा करायचा तो देवाचा जन्म. भोरच्या राजवाड्यातला रामजन्मोत्सव प्रसिद्ध आहे. पण लहानशा देवळातही चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता पाळणा हलतो आणि हातावर सुंठवडा पडतो. सुंठ आणि साखर किंवा गूळ, ऐपतीप्रमाणे खोबरे. वाढदिवसाला जमलेल्यांना काही देऊन पाठवण्याची आपली सर्वांत जुनी सार्वजनिक रीत मला हीच दिसते. बारशाच्या घुगऱ्या तिच्याच जातीच्या. सुंठवडा मोजून कुणी देत नाही आणि रामासाठी भेट आणली का, असे कुणी विचारत नाही.

मुलांपुरते पाहायचे तर या रीतीचे सर्वांत रसरशीत रूप म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी, पाच वर्षांखालच्या मुलाला काळे कपडे व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे ओततात. भोवतालची मुले ते लुटतात. चुरमुरे-बत्तासे सोडले तर यातले सारे पौष-माघात शिवारातच असते. अर्थात, बोरन्हाण सर्व जातींत सारखे रूढ नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

इथे 'लुटणे' या क्रियापदापाशी थोडे थांबायला हवे. दरोडेखोर लुटतो तेव्हा तो घेतो. पण हळदीकुंकवाला बाई वाण लुटते तेव्हा ती देते. दसऱ्याचे सोने तर देणारा आणि घेणारा दोघेही लुटतात. एकाच शब्दात हिसकावणे आणि उधळून देणे दोन्ही मावते, कारण दोन्हींत हिशेब नाही. हाच शब्द हिंदुस्तानीतून इंग्रजीत गेला तो मात्र केवळ लुबाडणुकीच्या अर्थाने, कंपनी सरकारच्या काळाला साजेसा. आणि गंमत अशी, की कॅनडात वाढदिवसाहून निघताना मुलांच्या हाती जी खाऊ-खेळण्यांची पिशवी देतात तिला 'लूट बॅग' म्हणतात. टोरांटोतल्या मराठी घरातले मूल ही पिशवी घेऊन परतते तेव्हा शब्द आपल्या जुन्या अर्थाच्या बराच जवळ आलेला असतो.

राजेही वाढदिवसाला लुटवत. सर टॉमस रो हा इंग्रज वकील 1617 साली मांडूला जहांगीराच्या वाढदिवसाची तुला पाहत होता. तुला झाल्यावर बादशहाने पातळ चांदीची बदामे व फळे उधळली आणि दरबारचे बडे सरदार ती वेचायला जमिनीवर पालथे पडले. रो वाकला नाही. ते पाहून बादशहाने एक जवळजवळ भरलेले ताट त्याच्या झग्यात ओतले. बोरन्हाणात कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बुजऱ्या मुलाच्या ओंजळीत एखादी मावशी मूठभर बोरे टाकते, त्याची आठवण व्हावी.

'रिटर्न गिफ्ट' मात्र या कुळातली नाही. नावच सांगते की ही परतफेड आहे. तिचे कूळ आहेराचे. लग्नात कुणी किती आहेर केला याची वही घरोघरी असते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की ती उघडली जाते. मार्सेल मॉस याने 1925च्या आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने सांगितली. पुढे पिएर बोर्दिए याने दाखवले की देणे आणि परत करणे यांच्यामधला काळच भेटीला भेटपण देतो. आहेराच्या वहीत दहा-वीस वर्षांचा काळ असतो आणि तितका काळ दोन घरे एकमेकांना बांधलेली राहतात. रिटर्न गिफ्ट तासाभरात, उंबऱ्यावरच देणे फेडून टाकते. मग उरतो तो दुकानदाराचा प्रश्न. आणलेली भेट अंदाजे शंभराची, तर दिलेली किती रुपयांची असावी? मुलांच्या आया हे बोलत नाहीत, पण जाणतात; आणि ज्या घरात पुढच्या महिन्यात तेवढे जमणार नाही, त्या घरातले मूल बोलावूनही येत नाही.

तरीही लुटीचे गोडवे गाताना अंगणात कोण उभे होते हे विचारले पाहिजे. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्या वर्षीच्या रामनवमीला रथावरून संघर्ष पेटला. म्हणजे ज्या सुंठवड्याला मी बेहिशेबी म्हटले, तो कुणाच्या हातावर पडावा याचा हिशेब अगदी पक्का होता. त्यापुढे वर्गाच्या हजेरीपटावरून मोजलेले पंचवीस डबे एका अर्थाने अधिक न्यायी ठरतात. पटावर नाव असलेल्या प्रत्येकाला एक, आणि सगळे डबे सारखे. हे मान्य करायला मला वेळ लागला.

असो. गावाच्या नावातला 'बुद्रुक' हा फारसी 'बुजुर्ग'चा अवतार, थोरला या अर्थाचा. शेजारी वरवे खुर्द, म्हणजे धाकटे. त्या दिवशी थोरल्यांबरोबर धाकटीही आली. पंचवीस मुलांना बोलावणे होते, पण कडेवरची, बोट धरून आलेली, नुसतीच दारात उभी राहिलेली धरून एकतीस झाली. मी रंगखडूंच्या पंचवीस पेट्या आणल्या होत्या. आईने मला न सांगता चुरमुरे-बत्ताशांची परात भरून ठेवली होती. पेट्या संपल्यावर तिने सगळ्याच मुलांना ओंजळ पुढे करायला लावले. दोन मुलींनी आपल्या पेट्या तिथेच उघडून धाकट्या भावंडांना निम्मे खडू दिले आणि लाल कुणी घ्यायचा यावरून चौघांची भांडणे लागली.