लिफाफ्यातले नाव आधीच कसे कळते? ऑस्कर, फिल्मफेअर आणि नर्मदाकाठचे मणिबेली

१/
११ एप्रिल १९८३. लॉस एंजेलिसच्या डोरोथी चँडलर पॅव्हिलियनकडे निघालेल्या एका मोटारीत कोल्हापूरच्या भानू अथैया बसल्या होत्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्करचे नामांकन होते. पुरस्कार तुम्हालाच मिळणार, असे सोबतच्या एका लेखकाने वाटेतच सांगून टाकले. सभागृहात पोहोचल्यावर स्पर्धेतील इतर वेशभूषाकारही तेच म्हणाले. अथैया यांनी हा प्रसंग पुढे मुलाखतीत सांगितला आहे.

२/
लिफाफा तर अजून उघडायचा होता. मग एवढी खात्री कशाच्या बळावर? पुरस्कारांचे भाकीत ही आज एक स्वतंत्र विद्या झाली आहे. तिचा इतिहास लॉस एंजेलिस, मुंबई आणि दिल्लीतून जातो, आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील एका बुडालेल्या गावापाशीही पोहोचतो. या इतिहासातून एक सूत्र हाती लागते : कोण जिंकेल हे चित्रपटापेक्षा मत देणाऱ्यावर अधिक ठरते.

३/
आरंभी भाकिताला जागाच नव्हती. पहिला ऑस्कर समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. विजेत्यांची नावे फेब्रुवारीतच जाहीर झाली होती. पाहुण्यांनी जेवण केले, पुरस्कार वाटले गेले, आणि वाटपाचा सारा कार्यक्रम सुमारे १५ मिनिटांत आटोपला. उत्कंठा नावाची गोष्ट तेव्हा ऑस्करला ठाऊक नव्हती.

४/
पुढच्या वर्षापासून एक तडजोड निघाली. निकाल वर्तमानपत्रांना आधी कळवायचा, आणि त्यांनी तो रात्री अकरानंतर छापायचा. दहाएक वर्षे हे चालले. १९४० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने मात्र निकाल संध्याकाळच्या आवृत्तीतच छापला. समारंभाला येणाऱ्यांना दारातच विजेत्यांची नावे वाचायला मिळाली.

५/
१९४१ पासून मोहोरबंद लिफाफा आला. मतमोजणी १९३५ पासून ‘प्राइस वॉटरहाऊस’ या हिशेबतपासनीस संस्थेकडे होतीच, आता निकालही तिच्याच कुलपात गेला. गुप्तता आली आणि तिच्या पाठोपाठ अंदाजाचा बाजार उभा राहिला. जे सर्वांना आधीच माहीत असते, त्यावर कोणी पैज लावत नाही.

६/
आता भारताकडे वळू. १९५४ हे वर्ष या सूत्राची जणू प्रयोगशाळाच आहे. त्या वर्षी आपल्याकडे दोन मोठे पुरस्कार सुरू झाले. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिला फिल्मफेअर समारंभ झाला. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ या पुरस्कारांना आरंभी ‘द क्लेअर्स’ म्हणत. पुरस्कार अवघे पाच होते, आणि कौल दिला होता वीस हजारांहून अधिक वाचकांनी.

७/
वाचकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ निवडला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला दिल्लीत पहिले राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. तेथे निवड शासनाने नेमलेल्या समितीची होती. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले आणि ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र.

८/
ही तुलना जपून करावी लागते. फिल्मफेअरची स्पर्धा तेव्हा हिंदी चित्रपटांपुरती होती, त्यामुळे ‘श्यामची आई’ तेथे उभाच नव्हता. पण मुद्दा नेमका हाच आहे. मैदानात कोणाला प्रवेश आहे आणि मत कोणाचे आहे, या दोन गोष्टी बदलल्या की त्याच वर्षाचा विजेता बदलतो. खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाला दिल्लीच्या समितीत कौल मिळाला. मुंबईच्या मतपत्रिकेवर त्याचे नावही नव्हते.

९/
यानंतर एक लोकप्रिय आख्यायिका. २६ मार्च १९५८ च्या ऑस्कर समारंभात मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ फेलिनींच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’कडून ‘अवघ्या एका मताने’ हरला, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ऑस्कर अकादमी मतांची संख्या कधीच जाहीर करत नाही. ‘एका मताचा’ दावा म्हणून पडताळता येत नाही. मात्र त्याचे आयुष्य बोलके आहे : थोडक्यात हुकले, असे मानणे मनाला सोपे जाते.

१०/
आकडे गुप्त, तरी भाकीत खरे कसे ठरते? यासाठी १९८३ कडे परत जाऊ. ‘गांधी’समोर त्या वर्षी स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ होता. तिकीटबारीवर त्याला तोड नव्हती, आणि नाट्यपटासाठीचा गोल्डन ग्लोबही त्यालाच मिळाला होता. जाणकारांची नजर मात्र दुसरीकडे होती. दिग्दर्शकांच्या संघटनेने आपला पुरस्कार रिचर्ड ॲटनबरो यांना दिला होता.

११/
१९५० ते १९८१ या काळातील चित्रपटांत या संघटनेचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक फक्त दोनदा वेगळे निघाले : १९६८ आणि १९७२ च्या चित्रपटांच्या वेळी. कारण सरळ आहे. संघटनेत मत देणारे अनेक जण अकादमीचेही सभासद असतात. गोल्डन ग्लोब तेव्हा हॉलिवूडमधील परदेशी पत्रकारांच्या एका संस्थेच्या मतावर ठरत असे, आणि त्या पत्रकारांना ऑस्करचे मत नव्हते. अखेर ‘गांधी’ला ११ नामांकनांतून ८ ऑस्कर मिळाले.

१२/
वेशभूषेचे गणितही असेच. या विभागाची नामांकने वेशभूषाकार ठरवतात, पण अंतिम मत अकादमीच्या सर्व शाखांचे असते. अभिनेता, ध्वनिमुद्रक, संकलक यांना शिवणीची बारीक कारागिरी दिसेलच असे नाही. विस्तार मात्र सर्वांना दिसतो. ‘ट्रॉन’, ‘ला त्राव्हियाता’, ‘सोफीज चॉइस’ आणि ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ यांच्यासमोर अर्ध्या शतकाचा हिंदुस्थान उभा होता. केवळ अंत्ययात्रेच्या दृश्यात सुमारे तीन लाख माणसे होती. तुमच्या चित्रपटाचा आवाकाच एवढा आहे की आम्ही स्पर्धा करू शकत नाही, हे प्रतिस्पर्ध्यांचे उत्तर विनयाचे होते, तसेच अचूक हिशेबाचेही होते. भानू अथैया ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

१३/
आता या नकाशावर सातपुडा. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट १९९५ चा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या आदिवासी गावांचा लढा हा त्याचा विषय. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूने बुडिताची झळ सर्वांत आधी सोसणारे गाव होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्यामुळे तेव्हाच्या कागदपत्रांत मणिबेली धुळे जिल्ह्यात सापडते.

१४/
मणिबेलीचे नाव तोवर जगभर गेले होते. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, असे सांगणारा अनेक देशांतील संघटनांचा १९९४ चा जाहीरनामा ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणूनच ओळखला जातो. १९९६ साली ‘अ नर्मदा डायरी’ला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा फिल्मफेअर मिळाला.

१५/
येथे भाकीत करणाऱ्याची सर्व साधने थिटी पडतात. अशा माहितीपटांना चित्रपटगृह क्वचितच मिळे. तिकीटबारीचे आकडे नाहीत, जाहिराती नाहीत, लोकप्रियतेच्या चर्चा नाहीत. त्या वर्षी नायक-नायिकांच्या पुरस्कारांवर घरोघरी पैजा लागल्या असतील, पण माहितीपटाच्या विभागाकडे कोणाचे लक्ष असणार?

१६/
आणि पुरस्काराने पाणी थांबले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास मुभा दिली. २०१७ साली धरण पूर्ण उंचीवर राष्ट्राला अर्पण झाले. पुरस्कार एखाद्या घटनेची स्मृती टिकवू शकतो, तिचा निकाल बदलण्याची शक्ती त्याच्याकडे क्वचितच असते. विजेत्यांच्या याद्या वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक सतत जवळ बाळगावा.

१७/
२००४ साली भाकिताच्या खेळात अवघा महाराष्ट्र उतरला. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने सुवर्णकमळ मिळवले. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. पाठोपाठ ‘श्वास’ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखवू पाहणारा कोकणातला आजोबा घराघरांत पोहोचला.

१८/
अमेरिकेत प्रचार करायचा तर पैसा हवा, आणि तो निर्मात्यांकडे नव्हता. मग लोकच पुढे आले. राज्य शासनाने मदत दिली, सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने दिली, एका नाटकाने प्रयोगाचे उत्पन्न दिले, शाळकरी मुलांनी वस्तू विकून पैसे जमवले. खाऊच्या पैशांतून ऑस्करची मोहीम लढवणारा असा दुसरा प्रसंग सहज सापडणार नाही.

१९/
२५ जानेवारी २००५ रोजी नामांकने जाहीर झाली. स्पेन, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका. ‘श्वास’ नव्हता. महाराष्ट्र हळहळला. मात्र मतदार कोण होते हे पाहिले तर आश्चर्य उरत नाही. सुमारे पन्नास देशांचे चित्रपट अकादमीच्या सभासदांतील स्वयंसेवकांची समिती पाहत असे. त्यांपैकी बहुतेक जण लॉस एंजेलिस परिसरातले. मुंबईत किंवा नंदुरबारात किती डोळे पाणावले, हे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

२०/
स्पेनच्या ‘द सी इनसाइड’चा मार्ग मात्र आधीच दिसत होता. २००४ साली व्हेनिस महोत्सवात ज्युरींचा मोठा पुरस्कार, जानेवारीत गोल्डन ग्लोब, आणि २७ फेब्रुवारी २००५ रोजी ऑस्कर. सुवर्णकमळाचा मान मोठा, पण त्या पंचांपैकी कोणीही लॉस एंजेलिसमध्ये मत देणार नव्हते. मुलांच्या पैशांमागचे प्रेम खरेच होते. मोठ्यांनी त्या प्रेमाला शक्यतेचा आकडा मानले, एवढेच चुकले. पुढे २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली ‘कोर्ट’ यांनाही नामांकन मिळाले नाही. ‘कोर्ट’ने तर व्हेनिसमध्ये ‘ओरिझोन्ती’ विभागाचा सर्वोच्च पुरस्कार जिंकला होता. म्हणजे महोत्सवाची मोहोरही शाश्वती देत नाही.

२१/
मग मतदारच बदलले तर? २०१२ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने केलेल्या पाहणीत अकादमीचे सुमारे ९४ टक्के सभासद गोरे आणि ७७ टक्के पुरुष आढळले होते. २०१६ च्या टीकेनंतर अकादमीने मोठ्या संख्येने नवे सभासद घेतले. त्यांत इतर देशांतील कलावंतही आले.

२२/
त्याआधीच, २००९ च्या चित्रपटांपासून, सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाचे मतदान पुन्हा आले होते. मतदार नामांकित चित्रपटांना क्रम देतो. सर्वांत कमी पहिली पसंती मिळवणारा चित्रपट बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. कोणी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालते. या पद्धतीत थोड्यांचा लाडका चित्रपट मागे पडतो, आणि अनेकांना दुसरा-तिसरा वाटलेला पुढे सरकतो.

२३/
परिणाम लवकरच दिसला. २०१७ साली १४ नामांकने मिळवलेल्या ‘ला ला लँड’ला मागे टाकून ‘मूनलाइट’ जिंकला, तोही चुकीचा लिफाफा उघडला गेल्यानंतर. २०२० साली ‘१९१७’ला दिग्दर्शक आणि निर्माते अशा दोन्ही संघटनांचे पुरस्कार होते, गोल्डन ग्लोब होता, बाफ्टाही होता. बहुतेक अंदाज त्याच्याच बाजूने होते. जिंकला कोरियाचा ‘पॅरासाइट’. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. जुनी साधने जुन्या मतदारांसाठी घडली होती, आणि मतदार आता ते राहिले नव्हते.

२४/
पुढच्या पुरस्कारांची यादी मांडणाऱ्यांनी म्हणून चार प्रश्न क्रमाने विचारावेत. मैदानात कोणाला प्रवेश आहे? मत कोणाचे आहे? ते मोजण्याची पद्धत कोणती? आणि त्याच मतदारांनी नुकताच दुसरीकडे कोणता कौल दिला आहे? आवडता चित्रपट कोणता, हा प्रश्न या यादीत येत नाही. तो वेगळ्या कागदावर लिहावा, आणि तो कागद अधिक जपून ठेवावा.

२५/
कारण भाकीत मतदारांना ओळखते, कलाकृतीचे मोल त्याला ठाऊक नसते. ‘श्वास’ लॉस एंजेलिसच्या पाच नावांत आला नाही, तरी मराठी चित्रपटाच्या नव्या पर्वाची चर्चा आजही त्याच्यापासून सुरू होते. आणि नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या मणिबेलीचे काठ, घरे आणि माणसे ज्यांना पाहायची असतील, त्यांना त्या चित्रफितीकडेच जावे लागते. १९९६ च्या पैजा कोणी जिंकल्या, हे आज कोणालाही आठवत नाही.

(धागा समाप्त)