नगरवासी शिकारी पक्ष्यांचे चित्रण : मोगल दरबार ते मुंबई

प्रस्तावना

भारतीय चित्रकलेच्या इतिहासात शिकारी पक्ष्याला प्रतिष्ठेचे स्थान आहे. परंतु ते स्थान मुख्यत्वे राजाच्या मुठीवर बसलेल्या ससाण्याचे आहे. नगराच्या आकाशात मुक्तपणे घिरट्या घालणारी घार, ताडामाडावर रात्र काढणारे गिधाड किंवा वाड्याच्या वळचणीला राहणारा पिंगळा यांना चित्रविषय म्हणून मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. हा विलंब का झाला, तसेच अशा चित्रांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग कोणता, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

दरबारी दृष्टी

शिकारी पक्ष्यांविषयीचे ज्ञान आपल्याकडे प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात श्येनविनोदाचे वर्णन येते. हे ज्ञान पाळलेल्या पक्ष्याचे होते. मोगल चित्रकलेतही प्रारंभी हीच दृष्टी दिसते. इराणच्या शहाकडून आलेला एक दुर्मीळ ससाणा १६१९ मध्ये मरण पावला, तेव्हा जहांगीराने उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. बादशहाने ही हकिकत आपल्या आत्मवृत्तात नोंदविली आहे. या प्रसंगात चित्र ही स्मृती आहे आणि स्मृतीस पात्र ठरलेला पक्षी ही राजाची मालमत्ता आहे.

तथापि मन्सूरची दृष्टी दरबारी गरजेपुरती मर्यादित नव्हती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ‘शाहजहान अल्बम’च्या एका पानावर लाल डोक्याचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड अशी दोन गिधाडे शेजारी शेजारी रंगविलेली आहेत. हे चित्र मन्सूरचे मानले जाते. गिधाड शिकारीच्या उपयोगाचे नाही, शोभेचेही नाही. असे असूनही त्याची पिसे, मान आणि चोच यांकडे चित्रकाराने ससाण्याइतक्याच आदराने पाहिले, ही बाब महत्त्वाची आहे.

संग्राहकाची दृष्टी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्ता हे पक्षिचित्रणाचे केंद्र बनले. फोर्ट विल्यम येथील सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ ते १७८२ या काळात आपल्या प्राणिसंग्रहाची चित्रे काढून घेतली. शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास हे पाटण्याकडचे चित्रकार त्यासाठी नेमले गेले. मोगल परंपरेतील सूक्ष्म कुंचला, इंग्रजी कागद आणि जलरंग यांचा संयोग या चित्रांत घडला. संग्रहातील तीनशेहून अधिक चित्रांपैकी बहुसंख्य पक्ष्यांची आहेत. पुढे टॉमस हार्डविक या लष्करी अधिकाऱ्याने हजारो प्राणिचित्रे जमविली आणि जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्यांतील निवडक चित्रे १८३० ते १८३५ या काळात लंडनहून प्रसिद्ध केली. ही चित्रे काढणाऱ्या भारतीय कलावंतांपैकी बहुतेकांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

या चित्रांची पद्धती ध्यानात घेतली पाहिजे. पक्षी पिंजऱ्यात असे किंवा मारून आणलेला असे. तो बाजूने, एका फांदीवर, कोऱ्या पार्श्वभूमीवर दाखविला जाई. परिणामी पिसांचा रंग, पायांची ठेवण, चोचीचा बाक यांची खात्रीलायक माहिती मिळते; मात्र तो कोणत्या वस्तीत राहत होता, काय खात होता, याविषयी चित्र मौन पाळते. कलकत्त्यात काढलेल्या चित्रात कलकत्ता शहर दिसत नाही.

मुंबई आणि नित्याचा पक्षी

या संदर्भात महाराष्ट्राचा वाटा उल्लेखनीय आहे. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून काम केलेल्या कर्नल सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत त्यांनी घारीला दिलेले ‘गोविंदा’ हे नाव भारतीय घारीच्या उपजातीला आजही लागू आहे. गावोगावी दिसणारा, कोंबडीची पिल्ले पळविणारा म्हणून शिव्या खाणारा पक्षी अशा रीतीने शास्त्राच्या दप्तरात दाखल झाला.

१८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, सातारा येथे जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी १९०० मध्ये मुंबईतील नेहमीच्या पक्ष्यांवर सचित्र पुस्तक लिहिले. दुर्मिळाऐवजी नित्याचा पक्षी हा अभ्यासाचा विषय ठरला, हा दृष्टिपालट मूलभूत स्वरूपाचा होता. सलीम अली यांच्या १९४१ च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने रंगीत चित्रांच्या साहाय्याने हीच दृष्टी सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली.

मुक्त शिकारी पक्षी रेखाटणे हे कौशल्य वेगळे आहे. उडणाऱ्या पक्ष्याचा रंग बहुधा दिसत नाही. दिसते ती आकृती. घारीची दुभंगलेली शेपटी, ब्राह्मणी घारीची गोलाकार शेपटी, बहिरी ससाण्याचे टोकदार पंख यांवरून ओळख पटते. घारीने शेपटी पूर्ण पसरली की तिची खाच जवळजवळ नाहीशी होते, हे मृत नमुन्यावरून कळत नाही. त्यासाठी गच्चीवर बसून काही क्षणांत काढलेले रेखाटनच हवे. रिशाद नवरोजी यांच्या भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरील २००६ च्या ग्रंथात छायाचित्रांच्या जोडीला रंगवलेले चित्रफलकही आहेत, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

चित्र : एक ऐतिहासिक पुरावा

मलबार हिलवरील पारशी दखम्यांची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे. तेथे जमणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे हा मुंबईच्या नागरी व्यवस्थेचाच भाग होता. १९९० च्या दशकात ही गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मन्सूरच्या पानावरील दोन्ही जातीही आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या आहेत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे गंभीर प्रश्न उभा राहतो. शहरातील गिधाड इतके परिचित होते की त्याची नोंद करण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही. जे नित्य दिसते ते दप्तरात क्वचितच येते आणि ते नाहीसे झाल्यावर पुरावा शोधू लागावे तर हाती थोडीच साधने राहतात. एखाद्या हौशी चित्रकाराच्या वहीतील तारीख व ठिकाण घातलेले साधे रेखाटन अशा वेळी संग्रहालयातील देखण्या पण स्थळहीन चित्राहून अधिक बोलके ठरू शकते.

निष्कर्ष

शिकारी पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टी मालकीकडून संग्रहाकडे आणि संग्रहाकडून सहवासाकडे सरकत गेली, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. मन्सूरची गिधाडे याची साक्ष देतात. नगरातील वन्य जीव हा नगराच्या इतिहासाचाच घटक आहे. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास, कला आणि प्राणिशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील घारी, शिक्रे व घुबडे यांची स्थळकाळासह रेखाटने विद्यार्थ्यांकडून करवून घेऊन ती ग्रंथालयात जतन करणे अगत्याचे आहे. गिधाडांबाबत राहिलेली उणीव घारीबाबत राहू नये, इतका धडा या इतिहासातून निश्चित घेता येतो.