बोटांची भाषा आणि विजेचा सूर

नाशिकचे संगीताशी असलेले नाते सांगताना पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे स्मरण होते. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या या गायकाने उत्तरायुष्यात नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात वास्तव्य केले. १९३१ साली देह ठेवला तो मात्र मिरजेतच. त्याच मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारे फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळ्यांपासून घडविलेले मिरजेचे तंबोरे पुढे देशभर गेले.

तंबोऱ्याचे मर्म जवारीत आहे. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवावा. तो नेमक्या जागी आला की एकाच तारेतून अनेक उपस्वर उमलतात. ती जागा बोट शोधते आणि कान पारखतो. १९७९ साली बेंगळुरूचे अभियंता व बासरीवादक जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठी सोय झाली; परंतु तार छेडण्याचे काम मात्र बोटाकडून गेले.

मग वीज आणि बोट यांचे वैर अटळ आहे काय? फ्रान्सचे मॉरिस मार्तनो हे स्वतः चेलोवादक. १९२८ साली त्यांनी पॅरिसमध्ये सादर केलेल्या विद्युत्-वाद्यात उजव्या हाताच्या बोटातील अंगठी फितीसह सरकते आणि मींड निघते. डाव्या हाताने कळ दाबल्यावाचून नाद उमटत नाही, आणि दाब वाढेल तसा तो वाढतो. चेलोच्या गजाचे काम त्यांनी असे बोटाकडे सोपविले. पुढे या वाद्याच्या एका ध्वनिक्षेपकावर त्यांनी, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या, अनुनादी तारा बसविल्या. पॅरिसच्या होली ट्रिनिटी चर्चचे ऑर्गनवादक ऑलिव्हिए मेसियाँ यांनी १९४५ साली प्रथम सादर झालेल्या आपल्या भक्तिरचनेत याच वाद्याला स्थान दिले.

आज काचेच्या पडद्यावर सतारीच्या तारा रेखाटलेल्या दिसतात. त्यांना बोट लावले की सूर येतो. पण काच बोटाला उत्तर देत नाही. तार ताणली की ती विरोध करते, आणि त्या विरोधातूनच वादकाचा हात घडतो. नवे वाद्य रचणाऱ्याने म्हणूनच जुन्या वाद्याचा आवाज टिपण्याआधी त्यावर हात काय करतो, हे पाहावे.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन लाभले. मानांकनाने नाव राखले जाईल. परंतु विद्या राखायची असेल तर कारागिराच्या मांडीवर नवा शिकाऊ हात टेकला पाहिजे. आपल्या गायनवृंदांतील तरुण कीबोर्ड हौसेने वाजवितात, ते स्वागतार्हच आहे. त्यांनी एकदा तंबोऱ्यापाशीही बसावे आणि जवारीचा दोरा स्वतःच्या बोटाने सरकवून पाहावा. उद्याच्या विद्युत्-वाद्याचा आराखडा कदाचित तेथेच सापडेल.