शिक्षा एकाला, भोगतं अख्खं घर

जेलमधल्या माणसांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. आज बोलूया बाहेर राहिलेल्यांबद्दल.

साल १९०९, नाशिक. राजद्रोही ठरलेल्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जूनमध्ये जन्मठेप झाली, काळं पाणी. सोबत मालमत्ताही जप्त. म्हणजे कमावता माणूस गेला आणि घरातलं किडूकमिडूकही गेलं. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी. वर्षाअखेर धाकटे दीर नारायणराव पकडले गेले. मार्च १९१० मध्ये मधले दीर विनायकराव लंडनमध्ये. तिन्ही भाऊ आत!

येसूवहिनींवर कुठला खटला होता? कुठलाच नाही. तरी त्यांची शिक्षा दहा वर्षं चालली. नारायणराव सुटले, शिकून डॉक्टर झाले, घर सावरायला लागले. पण १९१९ मध्ये नवऱ्याला पुन्हा न बघताच वहिनी गेल्या. आणि त्याच वर्षी घरच्यांना अंदमानात भेटायला जाता आलं.

आता आपल्या जिल्ह्यात या. १९२४ मध्ये विनायकरावांना सोडलं, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर. याच काळात त्यांची मुलं प्रभात आणि विश्वास जन्मली. पुढे सरकारने महिना ६० रुपये निर्वाह भत्ता दिला. त्या ६० रुपयांवरून आजही सोशल मीडियावर भांडणं होतात. ती बाजूला ठेवा. माणसाची कमाई अडवली तर घर कसं चालणार, हा प्रश्न तेव्हाच्या सरकारपुढेही आलाच ना?

बरं, राजबंद्याच्या घराला निदान पुढे मान तरी मिळतो. चोरी-मारामारीत आत गेलेल्याच्या घराला? तिथे वाडीतले लोक बोलणं बंद करतात. गुन्हा माफ करा असं मी म्हणत नाहीये. पण सहावीतल्या पोरीने काय केलंय?

थोडं बदललंय. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतो. २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना आली: कैद्याला घरासाठी राज्य सहकारी बँकेकडून ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, आणि फेड जेलमधल्या मजुरीतून. म्हणजे आत बसूनही तो घरचा कर्ता राहू शकतो. शिवाय राज्याची बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती लागू होते. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये केली.

पण अर्ज करायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ज्या घराशी कुणी बोलतच नाही त्यांना कोण सांगणार? सावर्डे असो की चिपळूण, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर एवढं करा. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा, फॉर्म आणा, मुलांचे कागद जमवून द्या. येसूवहिनींच्या वेळी असा फॉर्मच नव्हता. आज आहे.