दात भरण्याची हातोटी

कीड लागून पोखरलेला दात पुन्हा कामाचा करण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा पदार्थांच्या नावांनी सांगितला जातो: आधी सोने, मग चांदी, मग दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट. परंतु यांपैकी प्रत्येक पदार्थाने दंतवैद्याच्या हाताला जी नवी शिस्त लावली, तिचा वृत्तांत या विद्येच्या दप्तरात मागेच पडला. आणि भरलेला दात किती वर्षे टिकला याचे उत्तर मात्र पुष्कळदा त्याच वृत्तांतात सापडते.

१८५५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट आर्थर यांनी सोन्याचा वर्ख तापवून, थरावर थर ठोकून एकजीव करण्याची रीत प्रचारात आणली; तथापि लाळेचा स्पर्श होताच ते थर परस्परांना धरीत नसत. १८६४ साली न्यूयॉर्ककडील सॅनफर्ड बार्नम यांनी रबराच्या पातळ पडद्यास छिद्र पाडून तो दातावर चढविला, आणि दात कोरडा राखणे हा या कामाचा पाया ठरला. पारा आणि चांदी-कथिलाची भुकटी यांच्या मिश्रणाचे, ज्याला आपल्याकडील रुग्ण नुसती ‘चांदी’ म्हणतात, धोरण पुष्कळ उदार होते: दाबून भरले की ते शेजारच्या दाताला भिडे, आणि कडेला राहिलेली सूक्ष्म फट कालांतराने त्याच्याच गंजाने बुजून जाई. हाताच्या किरकोळ उणिवा ते निभावून नेई, आणि त्याच्या दीर्घ अंमलाचे हे एक मोठे कारण होय.

१९५५ मध्ये रॉचेस्टर येथील मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर फॉस्फरिक आम्ल लावून ते खरबरीत केले असता ॲक्रिलिक त्यास अधिक घट्ट चिकटते, असे दाखविले. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी राळ आणि सिलिकाचे कण यांच्या संयोगाचे पेटंट मिळविले, आणि आजच्या कॉम्पोझिटचा जन्म झाला. परंतु हा पदार्थ घट्ट होताना आकारमानाने शेकडा दोन-तीन इतका आक्रसतो, आणि दाताच्या भिंतींना चिकटलेला असल्यामुळे त्या भिंतींनाच आत ओढू पाहतो. त्या ओढीत बंध सुटला की फट पडते, आणि फटीतून कीड पुन्हा प्रवेश करते. १९८७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फाइल्झर, दे खे आणि डेव्हिडसन यांनी चिकटलेल्या पृष्ठभागांचे मोकळ्या पृष्ठभागांशी असलेले प्रमाण हे या ताणाचे माप म्हणून मांडले: पाच बाजूंनी बंद आणि एकीने उघडा खळगा सर्वांत दुर्घट.

म्हणून दोन मिलिमीटरांचे तिरपे थर द्यावेत, एकाच थराने समोरासमोरच्या भिंती एकदम बांधू नयेत, आणि प्रत्येक थरावर, तो घट्ट करणाऱ्या दिव्याचा प्रकाश पुरता पडू द्यावा, असा शिरस्ता रूढ झाला. १९९६ मध्ये व्हर्स्लुइस आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखविले की, थरांमुळे ताण घटतोच असे नाही, क्वचित् भिंती अधिकच वाकतात. तरीही प्रकाश तळापर्यंत पोहोचावा आणि माल कोपऱ्यात नीट बसावा, या दोन कारणांनी थरांची गरज टिकून राहिली. पुढे एका वेळी चार मिलिमीटर भरता येईल असे कॉम्पोझिट आले. परंतु त्यानेही कोरडेपणा, हिरडीजवळच्या कडेची सफाई, आणि शेजारच्या दाताला नेमके भिडण्यासाठी लागणारी पट्टी व पाचर यांची सक्ती रद्द केली नाही. कॉम्पोझिट चांदीसारखे दाबाने पट्टीला ढकलीत नाही. म्हणून तेथे सैल राहिलेल्या जागेत अन्न अडकते, आणि हिरडीला त्रास होतो.

पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि चांदीचा अंमल संपत आला आहे. तिच्या जागी केवळ नवा पदार्थ खरेदी करणे म्हणजे निम्मी तजवीज करणे होय. प्रत्येक दातासाठी जो अधिक वेळ, जो पडदा आणि जी तालीम कॉम्पोझिटला लागते, ती सार्वजनिक रुग्णालयांतील दंतवैद्यांना मिळालीच पाहिजे, कारण तेथे येणाऱ्या गरीब रुग्णाला तोच दात दुसऱ्यांदा भरून घेणे परवडणारे नाही.